बंद पडलेला हंगाम आणि विषाणूचे पहिले तीन दिवस

११ मार्च २०२० च्या संध्याकाळी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत युटा जॅझ आणि ओक्लाहोमा सिटी थंडर हे बास्केटबॉल संघ मैदानात उतरले होते. चेंडू हवेत उडायला अगदी थोडा वेळ उरला असताना यजमान संघाच्या वैद्यकीय पथकातला एक जण धावत पंचांकडे आला. दोन्ही संघ आत परतले आणि थोड्या वेळाने हजारो प्रेक्षकांना घरी जायला सांगण्यात आलं. जॅझचा उंचापुरा सेंटर रूडी गोबेर याची कोरोना चाचणी पॉझिटिव्ह आली होती. दोनच दिवसांपूर्वी याच गोबेरने पत्रकार परिषदेतून उठताना टेबलावरचे सगळे माईक मुद्दाम हात लावून थट्टा केली होती. जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटलं तेही त्याच दिवशी. रात्र संपायच्या आत एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे कमिशनर ॲडम सिल्व्हर यांनी अख्खा हंगाम स्थगित केला. १,२३० पैकी ९७१ सामने झाले होते, २५९ लटकले.

त्याच रात्री सॅक्रामेंटो किंग्जचा घरचा सामनाही रद्द झाला, कारण नेमलेल्या पंचांपैकी एकाने काही दिवसांपूर्वी जॅझच्या सामन्यात काम केलं होतं. हे तेच किंग्ज, ज्यांनी या हंगामाआधीचे सराव सामने ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये खेळले होते. भारतात झालेले एनबीएचे ते पहिले सामने. संघाचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे, त्यामुळे इकडे कौतुकही बरंच झालं होतं.

एक कडू गोष्ट आधी सांगून टाकतो. चाचण्यांचे संच मिळेनासे झालेल्या त्या दिवसांत जॅझच्या पथकातल्या ५८ जणांची चाचणी एका रात्रीत झाली. तापाने फणफणलेल्या सामान्य अमेरिकन माणसाला तेव्हा चाचणीसाठी दारोदार फिरावं लागत होतं. लोक चिडले आणि त्यांचं चिडणं रास्तच होतं. पण पैसा आणि सोय असलेल्या याच लीगने पुढच्या काही महिन्यांत, जवळजवळ नकळत, साथरोगशास्त्राला हवी असलेली एक दुर्मीळ गोष्ट मिळवून दिली.

ती गोष्ट म्हणजे संसर्गाची सुरुवात. रुग्णालयातल्या नोंदी सुरू होतात त्या माणूस आजारी पडल्यावर. घसा दुखतो, ताप येतो, मग तो चाचणीला जातो. तोवर शरीरातल्या विषाणूच्या प्रमाणाची चढण बहुधा संपलेली असते आणि डॉक्टरांच्या हाती लागते ती उतरण. चढण पाहायची तर ठणठणीत माणसांची रोज चाचणी करत बसायला हवं. कोणती सरकारी यंत्रणा हे करणार होती?

एनबीएला ते करावंच लागलं. हंगाम पुन्हा सुरू करायचा ठरल्यावर २३ जूनपासून खेळाडूंच्या चाचण्या सुरू झाल्या. पहिल्या फेरीत ३०२ पैकी १६ खेळाडू पॉझिटिव्ह निघाले. मग ३० पैकी २२ संघ फ्लोरिडातल्या ऑरलँडोजवळ, डिस्ने वर्ल्डच्या आवारात बाहेरच्या जगापासून तोडून ठेवले. उरलेल्या आठ संघांचा हंगाम मार्चमध्ये संपला तो संपलाच. फ्लोरिडात तेव्हा साथीचा भडका उडाला होता. १२ जुलैला एका दिवसात पंधरा हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले. अशा ठिकाणी बंद दालनात, तोंडावर मास्क नसताना, एकमेकांच्या अंगावर धापा टाकत खेळायचं म्हणजे कागदावर तरी वेडेपणाच होता.

तो निभावला तो कुंपणापेक्षा चाचण्यांच्या वेळापत्रकामुळे, असं माझं मत आहे. आल्याबरोबर खोलीत कोंडून घ्यायचं, दोन चाचण्या निगेटिव्ह आल्या की बाहेर यायचं, नंतर रोज चाचणी. पहिल्या आठवड्यात ३२२ पैकी दोन खेळाडू पॉझिटिव्ह आले, पण दोघेही अजून खोलीतच होते. पुढच्या आठवड्यात ३४६ पैकी एकही नाही. बाकीचे नियम गमतीदार होते: टेबल टेनिसची दुहेरी बंद, पत्त्यांचा जोड एकदा वापरला की कचऱ्यात. बाहेरून मागवलेलं जेवण घ्यायला किंग्जच्या रिशॉन होम्सने आवाराची सीमा ओलांडली आणि त्याला आणखी दहा दिवस खोलीत बसावं लागलं. ११ ऑक्टोबरला लॉस एंजेलिस लेकर्सनी मायामी हीटला हरवून विजेतेपद मिळवलं. विलगीकरण पार करून आत आलेल्या खेळाडूंमध्ये लीगच्या साप्ताहिक अहवालांत पॉझिटिव्हचा आकडा शून्यच राहिला होता.

रोजच्या चाचणीचा निकाल नुसता 'आहे' किंवा 'नाही' एवढाच नसतो. आरटी-पीसीआर यंत्र नमुन्यातल्या विषाणूच्या जनुकीय तुकड्यांच्या प्रती काढत जातं आणि दर फेरीला त्या साधारण दुप्पट होतात. कितव्या फेरीला यंत्राला खूण दिसली, तो आकडा म्हणजे सीटी व्हॅल्यू. विषाणू भरपूर असेल तर आकडा लहान, तुरळक असेल तर मोठा. दहा फेऱ्यांचा फरक म्हणजे विषाणूच्या प्रमाणात जवळपास हजारपट फरक. (दुसऱ्या लाटेत आपल्याकडे ही सीटी व्हॅल्यू आणि छातीच्या सीटी स्कॅनचा पंचवीसपैकीचा स्कोअर यांची अशी सरमिसळ झाली होती, की 'माझा सीटी बारा आला' असं कोणी म्हटलं तर आधी कुठला ते विचारावं लागे.) २०२१ मध्ये महाराष्ट्राने पॉझिटिव्ह ठरवण्याची मर्यादा २४ वर आणावी का, अशी विचारणा आयसीएमआरकडे, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेकडे, केली होती. उत्तर आलं, ३५ च ठेवा.

ते उत्तर का बरोबर होतं, हे बास्केटबॉलच्या आकड्यांतून फार स्पष्ट दिसतं. समजा सीटी ३० आली. जिन्याच्या मधल्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाच्या फोटोसारखं आहे हे, तो चढतोय की उतरतोय ते एका फोटोवरून सांगता येत नाही. चढणीवरचा ३० आकड्याचा माणूस दोन दिवसांत घरभर संसर्ग वाटेल. उतरणीवरचा ३० आकड्याचा माणूस बरा होत आलेला असेल. मर्यादा २४ वर आणली असती तर पहिला माणूस निगेटिव्ह म्हणून मोकळा सुटला असता.

हार्वर्डचे स्टीफन किसलर, योनातन ग्रॅड आणि येलमधले त्यांचे सहकारी यांनी या लीगमधल्या ६८ जणांचे दिवसागणिक आकडे तपासले. त्यांतल्या ४६ जणांना ताजा संसर्ग झाला होता. त्यांच्या गणिती प्रारूपानुसार, विषाणू चाचणीत दिसू शकतो त्या क्षणापासून शिखर गाठेपर्यंत सरासरी ३.३ दिवस लागत होते. उतरण मात्र लांबलचक होती. लक्षणं असलेल्यांमध्ये १०.९ दिवस, लक्षणं नसलेल्यांमध्ये ७.८ दिवस. पहिल्या पॉझिटिव्हनंतर दोन दिवसांच्या आत दुसरी चाचणी केली तर माणूस चढतोय की उतरतोय, याचा अंदाज खूपच पक्का होतो, हेही त्यांनी दाखवलं.

चढण तीन दिवसांची असेल तर प्रयोगशाळेचा अहवाल दोन दिवसांनी येऊन काय उपयोग? सर्वांत जास्त विषाणू पसरवायचा काळ वाट पाहण्यातच निघून जातो. चाचणी किती अचूक आहे यावर आपण तेव्हा बरंच भांडलो, पण अहवाल किती वेळात हाती येतो हा प्रश्न निदान तितकाच मोठा होता.

वेळ आणि पैसा वाचवण्याच्या एका प्रयत्नालाही या लीगने आणि खेळाडूंच्या संघटनेने हातभार लावला. येलमध्ये ॲन वायली आणि नेथन ग्रुबॉ यांनी लाळेवरची 'सलायव्हाडायरेक्ट' ही पद्धत तयार केली. तिची पडताळणी खेळाडू आणि कर्मचाऱ्यांच्या नमुन्यांवर झाली आणि ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने तिला आपत्कालीन परवानगी दिली. नाकात खोल काडी घालायची नाही, साध्या भांड्यात थुंकायचं. खरी बचत पुढे होती. नमुन्यातून आरएनए वेगळा काढण्याची किचकट, महाग पायरीच त्यांनी गाळली. एक विकर (एन्झाइम) घालून नमुना तापवायचा आणि सरळ यंत्रात. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेत डॉ. कृष्णा खैरनार यांच्या गटाने मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांची जी पद्धत काढली, जिला मे २०२१ मध्ये आयसीएमआरची मान्यता मिळाली, तिनेही हीच पायरी टाळली होती. तिथे नमुना खास द्रावणात अर्धा तास ठेवून ९८ अंशांवर सहा मिनिटं तापवत.

डिस्नेच्या आवारातून आणखी एका भीतीचं उत्तर मिळालं. बरं झाल्यावरही आठवडेच्या आठवडे पॉझिटिव्ह येणारी माणसं आठवतात? कामावर घेत नसत त्यांना. तिथल्या ३,६४८ लोकांपैकी ३६ जण असे होते. आधी कोविड होऊन गेलेला, विलगीकरण पूर्ण झालेलं, तरी चाचणी अधूनमधून पॉझिटिव्ह. त्यांना आत राहू दिलं, इतरांमध्ये मिसळू दिलं आणि सगळ्यांच्या रोज चाचण्या चालूच ठेवल्या. त्यांच्यापासून एकालाही संसर्ग झाला नाही. चाचणी पकडत होती ते विषाणूचे उरलेसुरले तुकडे. असा प्रयोग मुद्दाम करायला कुठल्याही नैतिकता समितीने सहज परवानगी दिली नसती.

या सगळ्या आकड्यांची एक मर्यादा उघड आहे. ही माणसं बहुतेक तरुण, धडधाकट, पुरुष आणि उत्तम वैद्यकीय देखरेखीखालची. साठीतल्या मधुमेही आजीच्या शरीरात विषाणू याच चालीने चढेल-उतरेल असं यावरून म्हणता येत नाही. संशोधकांनीही तसा दावा केला नाही.

तरीही हे आकडे पुढे उपयोगी पडत राहिले, कारण लीगच्या चाचण्या पुढच्या हंगामांतही चालू राहिल्या. २०२१ च्या अखेरीस किसलर आणि ग्रॅड यांच्याच गटाने लसीचा परिणाम मोजला. लस घेतलेल्यांमध्ये उतरण सरासरी ५.५ दिवसांत संपत होती, न घेतलेल्यांमध्ये ७.५ दिवसांत. शिखराची उंची मात्र दोघांत जवळपास सारखीच, म्हणजे लसवंतही सुरुवातीचे काही दिवस विषाणू पसरवू शकत होते. त्याच डिसेंबरात, ओमिक्रॉनच्या लाटेत, अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने लक्षणं नसलेल्यांचं विलगीकरण दहा दिवसांवरून पाच दिवसांवर आणलं. जानेवारीत लीगच्या लोकांचे ताजे आकडे आले. पाचव्या दिवशी, सुमारे निम्म्या ओमिक्रॉनबाधितांची सीटी व्हॅल्यू अजून ३० च्या खाली होती.