फरशीखालची ओल

फरशीखालची ओल म्हणजे लादीच्या खालच्या वाळूत, मुरमात किंवा कोब्यात (सिमेंटच्या थरात) पाणी मुरून होणारा बिघाड. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिमी पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो. त्यामुळे इथे हा दोष घरोघरी दिसतो, आणि पुष्कळदा नुसती लादी बदलून झाकला जातो.

जुनी घरे जांभ्याच्या चिऱ्यांची. जांभा सच्छिद्र असल्याने जमिनीतले पाणी केशाकर्षणाने जोत्यातून आणि भिंतीतून वर चढते. वर येताना ते क्षार आणते. पाणी उडून जाते, क्षार उरतात आणि गिलाव्याला लोणा लागतो. खाजणाच्या (भरतीच्या खाऱ्या पाण्यालगतच्या सखल शेतजमिनीच्या) कडेच्या गावांत भूजलच खारट, म्हणून तिथे हा त्रास अधिक. शेणाने सारवलेल्या जमिनीतून ही ओल हळूहळू हवेत जात असे. आजची व्हिट्रिफाइड लादी जेमतेम अर्धा टक्का पाणी शोषते. वरची वाट बंद झाली की ओल भिंतीच्या पायथ्याकडे वळते, आणि घरमालक दोष देतो रंगाला.

निदानाआधी हातोडा उचलू नये. पावसाळी दमट हवेत थंड लादीला सुटणारा घाम हा वेगळा प्रकार. तो पंखा लावला, दारे-खिडक्या नीट वापरल्या की आटोक्यात येतो. शंका असल्यास एक लादी काढून उघड्या कोब्यावर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दिवसभर ठेवावा. थेंब प्लास्टिकखाली जमले तर ओल जमिनीतून, वर जमले तर हवेतून. नळाच्या गळतीसाठी रात्री सर्व तोट्या बंद करून मीटरचा आकडा टिपावा. सकाळी तो पुढे सरकला असेल तर पाणी कुठेतरी गळत असण्याची शक्यता आहे. सांडपाण्याच्या नळीची गळती मात्र मीटरला कळत नाही. त्यासाठी न्हाणीच्या मोरीत रंगीत पाणी सोडतात आणि ते कुठे पाझरते ते पाहतात.

दुरुस्ती मूळ गळती थांबवल्यावरच. लादी व ओला भराव काढून जमीन वाळू द्यावी, मग २५० मायक्रॉनचे प्लास्टिक जोडांवर एकमेकांवर चढवून, कडांना भिंतीवर थोडे वर नेऊन अंथरावे आणि त्यावर नवा कोबा घालावा. लॅमिनेटचे लाकूड एकदा फुगले की पूर्ववत होत नाही. ते टाकूनच द्यावे लागते. जुन्या घरांच्या माडीवरची फळ्यांची जमीन खालून हवा खेळत असल्याने टिकते. तिथे तपासायची ती भिंतीत शिरलेली तुळयांची टोके, कारण कुजणे आणि वाळवी तिथूनच सुरू होते.

वाळणे हाच सर्वांत लांबणारा भाग. कोरड्या हवेतही कोबा दिवसाला सुमारे १ मिमी या बेताने वाळतो, म्हणजे ५० मिमीला जवळजवळ दोन महिने. आषाढ-श्रावणात हा हिशेब चालतच नाही. तरीही चवथीआधी (गणेश चतुर्थीआधी) घर चकचकीत हवे म्हणून ओल्या कोब्यावर लादी बसवली जाते, आणि शिमग्यापर्यंत ती अनेकदा पोकळ वाजू लागते. जाणते गवंडी हे काम दिवाळीनंतरच हाती घेतात.