तोब्रुकचा पाडाव (२०–२१ जून १९४२)

दुसऱ्या महायुद्धातील उत्तर आफ्रिकेच्या मोहिमेत जर्मन-इटालियन सैन्याने लिबियाच्या किनाऱ्यावरील, ब्रिटिशांच्या ताब्यातले तोब्रुक हे तटबंदीचे बंदर घेतले, ती लढाई. १९४१ मध्ये याच बंदराने जवळजवळ आठ महिने वेढा सोसला होता. वर्षभरानंतर ते एका दिवसात गेले. जर्मन सेनापती रोमेलच्या डावपेचांची चर्चा पुष्कळ होते, पण खंदकाच्या अवस्थेकडे पाहिल्याशिवाय ही लढाई कळत नाही.

तटबंदी लिबिया इटलीची वसाहत असताना इटालियनांनी बांधलेली होती. सुमारे ५० किमी. लांबीचा अर्धवर्तुळाकार घेरा, जमिनीसपाट काँक्रीटची ठाणी, पुढे काटेरी तारा, सुरुंग आणि रणगाडे अडवणारा खंदक. वाळवंटातला खंदक सतत उपसावा लागतो. वारा त्यात वाळू भरतो, कडा ढासळतात, आणि उभी भिंत उतार होऊन बसली की रणगाडा तिच्यावरून चढून येतो. १९४२ च्या सुरुवातीला तोब्रुकला पुन्हा वेढा पडू द्यायचा नाही असे ब्रिटिश सेनापतींनी ठरवले आणि डागडुजी मागे पडली. इथले बरेच सुरुंगही काढून पश्चिमेला गझाला येथल्या ब्रिटिश बचावफळीत पेरले गेले.

गझालाची लढाई हरल्यावर हीच कमकुवत तटबंदी राखायची वेळ दक्षिण आफ्रिकेच्या जनरल क्लॉपर यांच्यावर आली. रोमेलने आग्नेय बाजू निवडली. तिथे ११ वी भारतीय ब्रिगेड होती, आणि पहिला घाव २/५ मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या (पाचव्या रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनच्या) आघाडीवर बसला. २० जूनला पहाटे विमानांनी एका अरुंद पट्ट्यावर बाँबवर्षाव केला. ब्रिटिश लढाऊ विमानांचे तळ तोवर फार मागे गेले होते. धुरळ्याच्या आडून पायदळ आणि सॅपर (सुरुंग काढणारे, पूल टाकणारे सैनिक) पुढे आले, खंदकावर पूल टाकले गेले, आणि साडेआठच्या सुमारास रणगाडे आत शिरले. मराठ्यांची ठाणी विरळ आणि दूरदूर होती, त्यामुळे ती एकेक करून घेरता आली.

अशा वेळी राखीव रणगाड्यांनी खिंडार लगेच बुजवावे लागते. इथे संपर्क तुटला, आदेश उशिरा पोचले आणि रणगाडे तुकड्यातुकड्यांनी पुढे जाऊन नष्ट झाले. दुपारी किंग्ज क्रॉस हा नाका पडला, संध्याकाळी बंदर. २१ जूनला सकाळी क्लॉपर शरण गेले. ११ व्या ब्रिगेडमधली कॅमरन हायलँडर्स ही स्कॉटिश बटालियन मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत लढत राहिली.

सुमारे ३३,००० सैनिक कैद झाले, त्यांत मराठा बटालियनचे जवानही होते. हाती लागलेल्या इंधनावर आणि वाहनांवर रोमेल इजिप्तमध्ये घुसला. ही बातमी चर्चिलना वॉशिंग्टनमध्ये रूझवेल्ट यांच्यासमोर मिळाली. त्यानंतर अमेरिकेने देऊ केलेले शेरमन रणगाडे ऑक्टोबरमध्ये इजिप्तमधल्या एल अलामेनच्या लढाईत उतरले.