वॉर्डात पोस्टिंग झाली की पूर्वग्रह जातो?

मानसोपचार विभागात पोस्टिंग झाली की स्किझोफ्रेनियासारख्या तीव्र मानसिक आजारांबद्दलची वैद्यकीय विद्यार्थ्यांची भीती आपोआप जाते, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. तसं होईलच असं नाही. कधी कधी ती पक्कीही होते.

वॉर्डात दिसतात ते आजार उफाळलेले रुग्ण. त्याच स्किझोफ्रेनियातून सावरून नोकरी-संसार करणारा माणूस तिथे येतच नाही. मग विद्यार्थ्याला वाटतं, हा आजार असाच असतो. पॅट्रिशिया आणि जेकब कोहेन या संशोधकांनी 1984 मध्ये या फसगतीला ‘चिकित्सकाचा भ्रम’ म्हटलं होतं.

या पूर्वग्रहाची किंमत रुग्ण जिवाने मोजतो. छातीत दुखतंय म्हणून आलेल्याच्या केसपेपरवर ‘स्किझोफ्रेनिया’ दिसलं, की दुखणं ‘मनाचं’ ठरतं आणि ईसीजी राहून जातो. क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियावरचं औषध घेणाऱ्याला ताप आला तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याच दिवशी मोजायच्या, कारण या औषधाने त्या घटू शकतात. पोट साफ होत नाही ही त्याची तक्रार तर कधीच हसण्यावारी न्यायची नाही. याच औषधाने आतड्याची हालचाल थांबून माणूस दगावू शकतो. या रुग्णांचं आयुष्य सरासरी 10 ते 20 वर्षांनी कमी भरतं, ते मुख्यतः अशा शारीरिक आजारांमुळे.

उपयोगी पडते ती बरोबरीच्या नात्याने झालेली भेट. सावरलेल्या व्यक्तीने वर्गात येऊन शिकवावं, विद्यार्थ्याने डिस्चार्जनंतरही त्याच रुग्णाला ओपीडीत भेटत राहावं. एकाच भेटीचा परिणाम ओसरतो. नुसतं ‘हा मेंदूचा आजार’ एवढंच शिकवलं, तर रुग्णाला दोष देणं कमी होतं, पण ‘हा सुधारणार नाही’ हे मत घट्ट होतं.