फायब्रोमायल्जिया : आनुवंशिकता, अधिजनुकीय घटक आणि निदान

फायब्रोमायल्जिया हा सर्वांगाच्या जुनाट वेदनेचा विकार आहे. अंगदुखीच्या जोडीला थकवा, झोपूनही न जाणारा शीण आणि एकाग्रतेचा अभाव असतो. सांध्यांत सूज नसते, रक्ताच्या नेहमीच्या तपासण्या निर्दोष येतात. त्यामुळे ‘तुम्हाला काही झालेले नाही’ हे वाक्य अनेक रुग्णांना वर्षानुवर्षे ऐकावे लागते. मुख्य बिघाड वेदना हाताळणाऱ्या चेतासंस्थेत मानला जातो. मेंदू आणि मज्जारज्जू वेदनेचे संदेश वाढवून घेतात, ते दडपणारी यंत्रणा मात्र दुबळी पडते.

हा विकार घराण्यात आढळतो. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात या रुग्णांच्या जवळच्या नातेवाइकांची तुलना रुमॅटॉइड संधिवाताच्या रुग्णांच्या नातेवाइकांशी केली गेली. पहिल्या गटात फायब्रोमायल्जियाचा संभव सुमारे साडेआठ पट निघाला. जुळ्यांच्या अभ्यासांनुसार, एकाला सर्वांगाची वेदना होते आणि दुसऱ्याला होत नाही, या फरकापैकी साधारण निम्म्याचा उलगडा आनुवंशिकतेने होतो. हा हिशेब लोकसमूहाचा आहे. ‘आईला असेल तर मुलीला होण्याची शक्यता निम्मी’ असा त्याचा अर्थ काढणे चूक.

जबाबदार जनुक मात्र एकच नाही. संशोधकांचे लक्ष आधी सेरोटोनिन आणि डोपामिन या चेतापेशींमधील संदेशवाहक रसायनांशी निगडित जनुकांकडे गेले. ‘कॉम्ट’ हे विकर डोपामिन व नॉरॲड्रेनॅलिनचे विघटन करते. त्याच्या अमिनो आम्लांच्या साखळीत १५८व्या जागी व्हॅलिनऐवजी मेथिओनिन आले की त्याची क्षमता तीन-चार पटींनी घटते, आणि अशा व्यक्तींना वेदना जास्त जाणवते असे प्रयोगांत दिसले. कल्पना आकर्षक होती, पण फायब्रोमायल्जियाशी तिचा संबंध सर्व अभ्यासांत टिकला नाही. अशा बहुतेक दाव्यांची हीच गत झाली, कारण सुरुवातीचे अभ्यास फारच लहान होते. २०१३ मध्ये कुटुंबांच्या जनुकसंचाचा शोध घेताना १७व्या गुणसूत्राचा एक पट्टा पुढे आला. सेरोटोनिन वाहून नेणाऱ्या प्रथिनाचे जनुक याच पट्ट्यात आहे.

एकसारख्या जुळ्यांपैकी एकालाच विकार होऊ शकतो, यावरून जनुकक्रमापलीकडेही काही घडते हे उघड आहे. अधिजनुकीय बदलांत डीएनएची अक्षरे तीच राहतात, पण त्यांवर मेथिल गट (एक छोटा रासायनिक गट) चिकटल्याने किंवा निघाल्याने जनुकाचे काम मंदावते वा वाढते. रुग्णांच्या रक्तात चेतापेशींची वाढ आणि ताणाला मिळणारा प्रतिसाद यांच्याशी संबंधित जनुकांवर असे फरक सापडले आहेत. स्वीडनमधील मोजक्या रुग्ण स्त्रियांच्या मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात नऊ सूक्ष्म आरएनएंचे (जनुकांच्या कामावर नियंत्रण ठेवणाऱ्या छोट्या रेणूंचे) प्रमाण कमी आढळले. त्यांपैकी एकाचा वेदना व थकव्याशी संबंध दिसला. तरी येथे सावध राहिलेले बरे. रक्तपेशी म्हणजे मेंदूच्या पेशी नव्हेत. शिवाय धूम्रपान, लठ्ठपणा, औषधे यांमुळेही मेथिलीकरण बदलते. त्यामुळे आढळलेला फरक आजाराचे कारण की परिणाम, हे ठरवणे कठीण जाते.

म्हणूनच निदान आजही लक्षणांवरूनच होते. त्यासाठी मान्यताप्राप्त जनुक चाचणी नाही. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेच्या १९९० च्या निकषांत शरीरावरील १८ ठरावीक बिंदू अंगठ्याने दाबले जात. दाब सुमारे चार किलोचा, म्हणजे तपासणाऱ्याच्या नखाखालचा भाग पांढरा पडेल इतका. ११ बिंदूंवर दुखले आणि सर्वांगाची वेदना तीन महिने टिकली असली की निकष पूर्ण होई. प्रत्येक डॉक्टरचा अंगठा वेगळा, ही अडचण होतीच. २०१० मध्ये बिंदू गेले आणि त्यांच्या जागी दुखणाऱ्या १९ भागांची मोजणी व लक्षणांच्या तीव्रतेचे गुण आले. २०१६ च्या सुधारणेत शरीराच्या पाचपैकी किमान चार विभागांत वेदना असण्याची अट घातली गेली, आणि दुसरा आजार असला तरी हे निदान करता येते असेही स्पष्ट झाले. थायरॉइड वगैरेंच्या चाचण्या सांगितल्या जातात त्या सारखी लक्षणे दाखवणारे इतर आजार शोधण्यासाठी.

निकष बदलले की ‘रुग्ण’ कोण, हेही बदलते. जुन्या निकषांत रुग्णांमध्ये स्त्रियांचे पारडे फार जड होते, कारण दाब त्यांना अधिक दुखतो. नव्या निकषांत हे अंतर घटले. त्यामुळे दोन वेगळ्या निकषांनी निवडलेल्या गटांतील जनुकीय निष्कर्षांची थेट तुलना करता येत नाही.