हाउंड-शिकार आणि तिचे दर्दी

वासावर माग काढणाऱ्या शिकारी कुत्र्यांच्या, म्हणजे हाउंडच्या, ताफ्याने सावजाचा पाठलाग करायचा आणि माणसांनी घोड्यावरून किंवा पायी त्यांच्या मागे जायचे, अशी ही शिकारीची पद्धत आहे. माणसाच्या हाती बंदूक नसते. सावज शोधणे, त्याचा माग धरणे आणि तुटलेला माग पुन्हा जोडणे ही कामे कुत्रे करतात. ग्रेहाउंड, सलुकी, कारवानी हे नजरेवर धावणारे कुत्रे सावज दिसत असेतोवरच धावतात, त्यामुळे त्यांची शिकार पाहता पाहता संपते. या नोंदीत तिचा विचार केलेला नाही. फॉक्सहाउंड, हॅरियर, बीगल, बॅसेट आणि ब्लडहाउंड हे नाकावर काम करतात. सावज नजरेआड होऊन बराच वेळ गेला, तरी त्यांचे काम चालू राहते. ब्रिटन, आयर्लंड, फ्रान्स आणि अमेरिका या देशांत ही परंपरा रुजली. भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमामुळे वन्य प्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे.

शिकारीला येणाऱ्या मंडळींचे दोन वर्ग इंग्लंडमध्ये फार पूर्वीपासून मानले जातात. काही जण घोडा दौडवायला आणि कुंपणे ओलांडायला मिळावीत म्हणून शिकारीला येतात. काही जण कुत्र्यांचे काम जवळून पाहायला मिळावे म्हणून घोड्यावर बसतात. हे दुसरे लोक या शिकारीचे खरे दर्दी. पोशाख, घोड्याची किंमत किंवा किती कुंपणे ओलांडली यावरून ते ओळखू येत नाहीत. माग तुटल्यावर कोण कुठे पाहतो आणि उन्हाळ्यात केनलवर, म्हणजे ताफ्याच्या कुत्रेघरात, कोण दिसतो, यावरून ते ओळखता येतात.

वास : दर्दी माणसाचे पहिले लक्ष हवेकडे आणि जमिनीकडे असते. कुत्र्याच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी २० कोटींहून अधिक असतात, माणसाच्या नाकात त्या ५०-६० लाखांच्या घरात. तरीही वास जमिनीवर टिकला नाही, तर उत्तम ताफाही हतबल होतो. हवेपेक्षा जमीन थोडी उबदार असेल, तर वास वर उठतो आणि कुत्र्याच्या नाकापर्यंत पोचतो. म्हणूनच हिवाळ्याच्या दिवसांत ऊन उतरून हवा गार होऊ लागली की दुपारपर्यंत रेंगाळलेला ताफा एकाएकी वेग धरताना दिसतो. कोरडा वारा, कडक ऊन आणि भुसभुशीत सुकी माती वासाला मारक असतात. नांगरलेल्या ओल्या शेतात चिखल कोल्ह्याच्या पंजांना चिकटतो आणि पंजांचा वास जमिनीला लागतच नाही. गवताळ कुरणात तो चांगला राहतो. इंग्लंडमधील लेस्टरशर परगण्याच्या कुरणांची ख्याती यातूनच झाली. वास भरपूर असेल तर कुत्रे नाक जमिनीला न लावता, डोके छातीच्या उंचीवर ठेवून धावतात. तो कमी असेल, तर एकेक पाऊल हुंगत जातात. घोडदौडीसाठी आलेल्याला असा दिवस वाया गेल्यासारखा वाटतो. दर्दी मात्र त्याच दिवशी ताफ्याचे खरे पाणी जोखतो.

ताफा : हाउंड जोड्यांनी मोजतात. पस्तीस कुत्रे असतील तर ताफा ‘साडेसतरा जोड्यां’चा. शिकारीच्या दिवशी सामान्यतः १५ ते २० जोड्या बाहेर नेतात. इंग्लिश फॉक्सहाउंडची खांद्यापाशी उंची साधारण २३ ते २५ इंच असते. आजच्या वेगवान फॉक्सहाउंडचा पाया ह्यूगो मेनेल यांनी घातला. १७५३ पासून जवळपास अर्धे शतक त्यांनी लेस्टरशरमधील क्वॉर्न ताफा चालवला. त्याआधी शिकार पहाटे निघे. रात्रभर चरून पोट भरलेला कोल्हा जड झालेला असे आणि कुत्रे सावकाश त्याच्या रात्रीच्या मागावरून जात. मेनेल यांनी वेग आणि नाक हे दोन्ही गुण एकाच कुत्र्यात यावेत अशी पैदास केली आणि शिकारीची वेळ पुढे ढकलली. अटलांटिकपलीकडे जॉर्ज वॉशिंग्टन यांनीही ताफा बाळगला होता. फ्रेंच सेनानी लाफायेतने १७८५ मध्ये त्यांना फ्रेंच हाउंड पाठवले होते.

पैदाशीत दिखाऊपणाला भुलले की काय होते, याचे उदाहरण याच जातीत आहे. इंग्लंडमधील पीटरबरोचे हाउंड-प्रदर्शन १८७८ मध्ये सुरू झाले. पुढच्या काही दशकांत जाड हाडे आणि खांबासारखे सरळ पाय यांची टूम आली. ती इतकी ताणली गेली की पुढचे गुडघे पुढे झुकू लागले, पंजे आखडले आणि कुत्रे लवकर थकू लागले. पहिल्या महायुद्धानंतर काही पैदासकारांनी वेल्श हाउंडचे रक्त मिसळून हलका, चपळ आणि मोकळ्या आवाजाचा कुत्रा परत घडवला. प्रदर्शनाच्या रिंगणात पाठ, खांदा आणि पाय दिसतात. नाक, आवाज, चिकाटी आणि खरेपणा तिथे दिसत नाहीत, आणि पैदाशीत तर यांचीच किंमत सर्वाधिक.

केनल : एका वेतातील पिल्लांची नावे बापाच्या किंवा आईच्या नावाच्या आद्याक्षराने सुरू करण्याची रीत आहे, त्यामुळे नाव ऐकून जाणकाराला वंशाचा अंदाज येतो. आठ-दहा आठवड्यांची झाली की पिल्ले शेतकऱ्यांच्या आणि हितचिंतकांच्या घरी वाढायला देतात, शक्यतो दोन-दोन मिळून. तिथे ती कोंबड्या, मेंढ्या, मांजरे आणि रहदारी यांना सरावतात, स्वतःचे नाव ओळखू लागतात. पुढच्या वसंतात ती केनलवर परततात. चपला, दोरीवरचे कपडे आणि फुलझाडे यांची धूळधाण होत असतानाही दरवर्षी पिल्ले सांभाळणारी कुटुंबे हा या परंपरेचा कणा आहे. त्यांतले कित्येक जण घोड्यावर कधी बसलेलेही नसतात.

परतलेल्या तरुण कुत्र्याला सुरुवातीला मुरलेल्या कुत्र्याशी जोडतात. दोन गळपट्टे आणि मध्ये आखूड साखळी असते, त्यामुळे म्हातारा वळेल तिकडे पोराला वळावेच लागते. उन्हाळ्यात आधी पायी किंवा सायकलवरून आणि नंतर घोड्यावरून रोज रपेट होते. डांबरी रस्त्यावरच्या चालीने तळपाय टणक होतात. ही मेहनत कमी पडली, तर हंगामाच्या पहिल्याच आठवड्यांत तळवे सोलवटतात आणि निम्मा ताफा लंगडत घरी बसतो.

खाणे देण्याची वेळ पाहण्यासारखी असते. हंट्समन, म्हणजे ताफा सांभाळणारा आणि शिकारीत चालवणारा माणूस, फाटक अर्धवट उघडून उभा राहतो. कुत्रे आत दाटीवाटीने उभे, सगळ्यांचे डोळे त्याच्या तोंडाकडे. तो एकेक नाव हाकारतो आणि ज्याचे नाव घेतले तेवढाच कुत्रा गर्दीतून वाट काढत बाहेर येऊन कुंडाशी जातो; बाकीचे जागचे हलत नाहीत. अशक्त आणि बुजऱ्या कुत्र्यांना आधी बोलावतात, अधाशांना शेवटी, म्हणजे सर्वांची अंगलट सारखी राहते. दोन नावांचे ध्वनी फार जवळचे असले तर दोघेही पुढे सरकतात. हंट्समन न रागावता एकाला मागे पाठवतो. पुढे रानात एका हाकेवर ताफा थांबतो, त्यामागे ही रोजची शिस्त असते. शिकारीच्या आदल्या दिवशी जेवण लवकर देतात, कारण भरल्या पोटी कुत्रा धावत नाही. परतल्यावर तळवे, बोटांमधले काटे आणि कुंपणाच्या तारेच्या जखमा तपासूनच दिवस संपतो.

रानात : परंपरेनुसार तरुण कुत्र्यांना शरद ऋतूत, मुख्यतः कोल्ह्याच्या त्या वर्षीच्या पिल्लांवर, शिकारीला सरावत असत. मुख्य हंगाम नोव्हेंबरच्या सुरुवातीस उघडे आणि मार्चच्या सुमारास संपे. ताफा झुडपांच्या रानात सोडला की कुत्रे पांगून शोधतात. एखादा अनुभवी कुत्रा आवाज देतो आणि त्याच्यावर भरवसा असलेले बाकीचे धावत जाऊन त्याला साथ देतात. ताफा असा भरवशावर चालतो, म्हणून कुत्र्यांचे दोष गंभीर मानतात. वास नसताना भुंकणारा कुत्रा सर्वांना फसवतो. मुका कुत्रा तर अधिक घातक, कारण तो बिनबोभाट पुढे निघून जातो आणि ताफा मागे राहतो. काही कुत्रे स्वतः माग न काढता कडेकडेने पळून आयते पुढे येऊ पाहतात. काही कुत्रे सावज जिकडून आले त्या दिशेला, उलट्या मागावर धावतात. काही हरणामागे किंवा सशामागे भरकटतात. चुकारांना आवरणे आणि ताफ्याची मोजदाद ठेवणे हे व्हिपर-इनचे काम. म्हणून तो बहुधा रानाच्या पलीकडच्या बाजूला एकटाच उभा असतो.

माग तुटणे : या शिकारीचे सगळे मर्म इथे आहे. भरधाव ताफा अचानक गप्प होतो, डोकी वर येतात. कारणे नेहमीची असतात : मेंढ्यांच्या किंवा गुरांच्या कळपाने वास तुडवलेला, कोरडा रस्ता, कुणी माणूस आडवा आल्याने बिचकून वळलेला कोल्हा, कुंपणापाशी घेतलेले काटकोनी वळण. यांतले सर्वांत टाळता येण्याजोगे कारण म्हणजे मागून रेटणारे स्वार. घोडे अंगावर आले की कुत्रे घाबरून मागाच्या पुढे निघून जातात आणि मागे उरलेला वास खुरांखाली जातो.

चांगला हंट्समन आधी स्वस्थ उभा राहतो. कुत्रे आपणहून पंख्यासारखे पसरून शोधतात. एखाद्याची शेपटी हलू लागते, नाक खाली जाते, पण खात्री पटेपर्यंत तो आवाज देत नाही. कठीण रस्त्यावरचा वास ओळखणारे कुत्रे विरळ असतात. असा एखादा म्हातारा कुत्रा वेगात कमी पडला तरी ताफ्यात ठेवतात. कुत्र्यांचा प्रयत्न फसला, तर हंट्समन स्वतः त्यांना फिरवतो. जुना ठोकताळा असा की कोल्ह्यासाठी आधी पुढे शोधावे आणि सशासाठी मागे, कारण ससा स्वतःच्याच वाटेवरून परत येऊन बाजूला उडी मारतो. दूरवर कुणी ओरडले म्हणून प्रत्येक वेळी ताफा उचलून तिकडे नेणारा हंट्समन घाईत वेळ वाचवतो खरा, पण महिन्याभरात कुत्रे नाक वापरण्याऐवजी त्याच्या तोंडाकडे पाहू लागतात. ही खोड मोडायला पुढचा सगळा हंगाम लागू शकतो.

अशा वेळी बाकीचे स्वार पाणी पितात, गप्पा मारतात. दर्दी घोडा जागच्या जागी रोखून पाहत राहतो : शेवटचा खरा आवाज कोणाचा होता आणि तो कुठे थांबला. ‘या फाटकापर्यंत माग होता,’ एवढे कुणी नेमके सांगू शकला, तर हंट्समनचे अर्धे काम होते.

दर्दी माणसाची बाकीची वागणूकही याच जाणिवेतून येते. कुत्रे जवळून जाताना तो घोड्याचे तोंड त्यांच्याकडे करतो, म्हणजे लाथ बसत नाही. लाथ मारणाऱ्या घोड्याच्या शेपटीला लाल फीत बांधतात, पण फीत बांधल्याने स्वाराची जबाबदारी संपत नाही. कोल्हा दिसला तर तो पुरता पुढे जाईपर्यंत दर्दी तोंडातून अक्षर काढत नाही; मग टोपी उंच धरून दिशा दाखवतो. सशामागे पायी जाणाऱ्या बीगल-ताफ्याबरोबर तो उगाच धावत सुटत नाही. ससा मोठे वर्तुळ घेऊन परत येतो, त्यामुळे उंचवट्यावर उभा राहिलेल्याला धावणाऱ्यापेक्षा अधिक दिसते. दिवस संपवून निघताना, दुपार असली तरी, ‘शुभ रात्री’ म्हणायची प्रथा आहे.

आवाज : ताफ्याचा एकत्र स्वर आणि तांब्याच्या आखूड शिंगाची हाक यांवरून दर्दी न पाहताही शिकार कुठवर आली हे सांगतो. भराभर तुटक सूर म्हणजे सावज रानातून निघाले. लांबवलेला उदास सूर म्हणजे रान रिकामे. फ्रान्समध्ये वेटोळ्याच्या मोठ्या शिंगांवर प्रत्येक प्रसंगाची वेगळी धून वाजते. या शिंगवादनाला २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. अमेरिकेच्या दक्षिण भागात तर रात्री टेकडीवर शेकोटी पेटवून, कुत्रे मोकळे सोडून, नुसते ऐकत बसण्याची रीत रुजली. कोणाचा कुत्रा पुढे आहे, कोणाचा माग चुकला, हे मंडळी अंधारात आवाजावरून ओळखतात. कोल्हा मारला जावा अशी अपेक्षाही नसते. हाउंडवरचे निखळ प्रेम याहून स्पष्टपणे क्वचितच दिसते.

वाद आणि कायदा : सावजाला होणाऱ्या यातना हा आक्षेप जुना आणि रास्त आहे. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या बर्न्स समितीने २००० मध्ये या पाठलागामुळे कोल्ह्याच्या हिताला गंभीर बाधा पोचते, असे नोंदवले. स्कॉटलंडने २००२ मध्ये बंदी आणली आणि २०२३ मध्ये ती कडक केली. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००४ चा हंटिंग ॲक्ट १८ फेब्रुवारी २००५ पासून लागू झाला. त्यानंतर तिथले ताफे मुद्दाम टाकलेल्या वासावर धावू लागले, पण त्याआडून कोल्ह्याची शिकार चालतेच असा आरोप होत राहिला. लेबर पक्षाने २०२४ च्या निवडणुकीच्या जाहीरनाम्यात या प्रकारावरही बंदी घालण्याचे आश्वासन दिले.

सावजावाचून ताफा चालवण्याच्या दोन पद्धती जुन्या आणि निर्विवाद आहेत. ड्रॅग-हंटमध्ये बडीशेपेसारख्या तीव्र वासात भिजवलेला फडका ठरलेल्या वाटेने ओढत नेतात. वेग भरपूर मिळतो, पण वास इतका ठळक असतो की कुत्र्यांना फारसे डोके चालवावे लागत नाही. दुसरीत ब्लडहाउंड धावणाऱ्या माणसाच्या अंगच्याच वासावर जातात. धावणारा अर्धा तास वगैरे आधी निघतो, मेंढ्यांच्या कुरणातून जातो, ओढ्यात उतरून दुसऱ्याच जागी वर येतो, कुंपणाशी काटकोनात वळतो. ही वाट हंट्समनला आधी सांगत नाहीत. वास फडक्याने टाकायचा असला, तरी जाणकार माणूस तो अधूनमधून उचलून काही अंतर मोकळे सोडतो, म्हणजे कुत्र्यांना थांबून, पसरून तुटलेला माग स्वतः जोडावा लागतो.