बरगे काढणारे हात

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूरच्या आसपासच्या रस्त्यांवर रात्रभर उसाचे ट्रॅक्टर चालतात. मागे दोन-दोन ट्रॉल्या, बाहेर लोंबणारा ऊस, आणि मागचा दिवा बहुतेक वेळा नसतोच. अशाच एका ट्रॉलीवर मोटारसायकल धडकलेल्या शेजारच्या पोराला घेऊन आम्ही दवाखान्याच्या अपघात विभागात पोहोचलो, तेव्हा ड्युटीवरच्या डॉक्टरांनी नाव-गाव विचारण्याआधी विचारलं, "किती वाजता लागलं?" पोराचे वडील कळवळून म्हणाले, "आवो सायेब, वेळंचं काय घिऊन बसलाय, आदी रगात थांबवा की!"

रक्त थांबवायचं होतं म्हणूनच तो प्रश्न होता. डॉक्टरांच्या मनात ट्रानेक्झॅमिक आम्लाचं इंजेक्शन होतं. बऱ्याच लोकांना वाटतं की हे 'रक्त घट्ट करणारं' औषध आहे. तसं ते नाही. गुठळी शरीर स्वतःच बनवतं. हे औषध बनलेली गुठळी फक्त राखतं.

रक्त गोठतं कसं, हे आपण शाळेत शिकलो: प्लेटलेट गोळा होतात आणि फायब्रिनचे धागे त्यांना जाळ्यात धरतात. उरलेली निम्मी गोष्ट शाळेत राहून जाते. गुठळी बनू लागते त्याच वेळी ती विरघळवणारी यंत्रणाही जागी होते. कोल्हापूरच्या माणसाला हे सांगायला आपला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा पुरे. कसबा बावड्याचा राजाराम बंधारा डोळ्यांसमोर आणा. पावसाळा संपला की खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या आडव्या फळ्या, बसतात, दोन ओळींमध्ये माती भरली जाते आणि पाणी अडतं. पुढच्या पावसाळ्याआधी ते बरगे काढावेच लागतात, नाहीतर पूर तुंबेल. शरीरातही तसंच आहे. फायब्रिन म्हणजे बरगे, प्लेटलेट म्हणजे माती, आणि बरगे काढणारा गडी म्हणजे प्लाझ्मिन. तो नसता तर आपल्या रक्तवाहिन्या कधीच तुंबल्या असत्या.

हा गडी रक्तात प्लाझ्मिनोजेन नावाने निजलेला असतो. त्याच्या रेणूला पाच वेटोळी असतात. त्यांना क्रिंगल म्हणतात. या वेटोळ्यांतल्या खोबणी लायसिन हे अमिनो आम्ल अचूक पकडतात. फायब्रिनवर लायसिन असतं, त्यामुळे प्लाझ्मिनोजेन तिथे येऊन चिकटतो. इजा झालेल्या रक्तवाहिनीच्या अस्तरातून सुटलेलं टीपीए हे विकर त्याला जागं करतं, आणि प्लाझ्मिन धागे कापू लागतो. प्रत्येक काप पडला की लायसिनची नवी टोकं उघडी होतात, त्यांवर आणखी प्लाझ्मिनोजेन येऊन बसतो. पहिला बरगा निघाला की पुढचे सैल होतात, तसं हे वाढत जातं. मोठ्या अपघातात टीपीए एकदम सुटतं आणि बंधारा पुरता बांधून व्हायच्या आतच बरगे निघू लागतात.

ट्रानेक्झॅमिक आम्लाचा रेणू दिसायला लायसिनसारखाच. तो त्या खोबणींत आधीच जाऊन बसतो. गड्याचे हात भरलेले, तो बरग्याला हात लावणार कसा? जपानमध्ये उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने 1962 मध्ये या औषधाबद्दल लिहिलं. मला याची हळहळ वाटते की अपघाताच्या रुग्णांवर त्याची मोठी परीक्षा व्हायला जवळजवळ अर्धशतक जावं लागलं.

ती परीक्षा म्हणजे 'क्रॅश-2'. 40 देशांतली 274 रुग्णालये, 20 हजारांहून अधिक जखमी. त्यात भारतातलेही होते. निम्म्यांना औषध, निम्म्यांना साधं सलाईन, आणि कुणाला काय मिळालं हे डॉक्टरांनाही माहीत नाही. ऐकायला हे निर्दय वाटतं. पण औषध तारतं की मारतं हे तेव्हा खरोखरच कुणाला ठाऊक नव्हतं. 2010 मध्ये निकाल आला: सलाईनवाल्यांत 16 टक्के मृत्यू, औषधवाल्यांत 14.5. फरक दीड टक्क्याचा. शे-दोनशे रुग्णांच्या अभ्यासात तो दिसलाच नसता.

खरी मेख वेळेत निघाली. पहिल्या तासात औषध मिळालेल्यांत रक्तस्रावाने होणारे मृत्यू 7.7 वरून 5.3 टक्क्यांवर आले. तीन तासांनंतर दिलं तर उलटंच, 3.1 वरून 4.4 वर गेले. तोवर शरीर टीपीएला आवर घालणारं प्रथिन बनवू लागलेलं असतं, बरगे काढणं थांबत आलेलं असतं, आणि तेव्हा हात बांधून उपयोग नसतो. पुढे 40 हजारांवर रुग्णांची माहिती एकत्र पाहिली, तेव्हा दर 15 मिनिटांच्या उशिरामागे फायदा सुमारे 10 टक्क्यांनी घटतो असं दिसलं. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावातही औषध उपयोगी ठरलं, तेही लवकर दिलं तरच. पोटातल्या, आतड्यांतल्या रक्तस्रावात मात्र 2020 च्या मोठ्या चाचणीत मृत्यू कमी झाले नाहीत, उलट शिरांमध्ये गुठळ्या होण्याचं प्रमाण वाढलं. याच औषधाच्या गोळ्या 'रंग उजळतो' म्हणून मनाने घेणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आणि जखमेत हळद, कॉफी, चुना कोंबणं कृपा करून थांबवा. त्याने घाण आत जाते आणि डॉक्टरांचा वेळ ती धुण्यात जातो. स्वच्छ कापडाची घडी ठेवा, तळहाताने जोर लावून दाबून धरा, सारखी उचलून बघू नका, 108 ला फोन करा. पोलीस येईपर्यंत थांबायची गरज नाही; 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायदा मदत करणाऱ्याला संरक्षण देतो. निघताना मोबाईलवर वेळ बघा आणि लक्षात ठेवा. "मघाशी लागलं" यावरून डॉक्टरांना काहीच ठरवता येत नाही. "सव्वानऊला" यावरून येतं.

त्या रात्री वेळ मला ठाऊक होती, कारण धडक झाली तेव्हा मी घरच्यांशी फोनवर बोलत होतो आणि कॉलची नोंद मोबाईलमध्ये होती. आम्ही पन्नास मिनिटांत पोहोचलो होतो.