फंग मंगलोंग आणि लिंग मंगछू : दोन कथासंग्राहक की एक संग्राहक आणि एक कथाकार?

चिनी बोलीभाषेतील जुन्या लघुकथांचा विषय निघाला की ‘सानयान’ आणि ‘अरपाय’ या कथासंग्रहांची नावे एका दमात घेतली जातात आणि त्यांचे कर्ते फंग मंगलोंग व लिंग मंगछू हे जणू एकाच कामातले भागीदार होते असा समज होतो. दोघेही मिंग राजवटीच्या अखेरच्या काळातले, यांगत्से नदीच्या दक्षिणेकडील संपन्न प्रदेशातले आणि सरकारी परीक्षांत वारंवार अपयश आलेले. शिवाय दोघांच्याही कथा बाजारातल्या कथेकऱ्याच्या थाटात, मुख्य गोष्टीआधी एखादी छोटी गोष्ट सांगून सुरू होतात. तरीही त्यांचे काम मुळात वेगळ्या जातीचे आहे.

फंग (1574–1646) सुझोऊचा. ‘सानयान’ म्हणजे 1620 च्या सुमारास सुरू होऊन 1627 मध्ये पूर्ण झालेले त्याचे तीन संग्रह, प्रत्येकी 40 कथांचे. त्यांतल्या कित्येक कथा मिंगच्या आधीच्या सोंग आणि युआन राजवटींच्या काळापासून चालत आलेल्या होत्या. फंगने त्या जमवल्या, त्यांची भाषा नेटकी केली आणि काही ठिकाणी कथानकालाही हात घातला. प्रियकराने पैशासाठी परक्याच्या हवाली केल्यावर रत्ने नदीत फेकून स्वतःही उडी घेणाऱ्या दू शिनियांग या गणिकेची प्रसिद्ध कथासुद्धा आधी सोंग माओछंग या लेखकाने अभिजात चिनी भाषेत लिहिली होती. मात्र तिचा संताप आणि मानीपणा ज्या ताकदीने वाचकापर्यंत पोहोचतो, ती ताकद बोलीभाषेतल्या विस्तारातून आलेली आहे, म्हणून फंगच्या संग्रहाला केवळ संकलन म्हणणे अन्यायाचे ठरेल. उतारवयात परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्याची एक कथा तर त्याची स्वतःचीच आहे. सुझोऊकडची लोकगीते त्याने तिथल्याच बोलीत छापली होती, आणि लोकांच्या तोंडचे वाङ्मय टिकावे ही त्याची तळमळ ‘सानयान’मध्येही दिसते. तिथे अनेक काळांचे, अनेक सांगणाऱ्यांचे आवाज ऐकू येतात.

लिंग (1580–1644) हा वूछंगचा. त्याचे घराणे रंगीत छपाईच्या ग्रंथांसाठी नावाजलेले होते, त्यामुळे पुस्तकांचा बाजार त्याला आतून ठाऊक होता. त्याच्या ‘अरपाय’चा पहिला भाग 1628 चा, दुसरा 1632 चा. जुन्या कथा फंगने जवळजवळ सगळ्या वेचून नेल्या, असे त्याने पहिल्या भागाच्या प्रस्तावनेत नमूद केले आहे. म्हणून त्याने जुन्या-नव्या टिपणांतले चार ओळींचे किस्से घेऊन त्यांवर स्वतः पूर्ण कथा रचल्या. ‘अरपाय’मध्ये त्यामुळे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच निवेदक बोलत असल्यासारखे वाटते, जो मध्येच थांबून मत देतो, माणसाच्या लोभावर बोट ठेवतो आणि उपदेशही करतो. पहिल्याच कथेत सगळ्या धंद्यांत बुडालेला वन रुओशू गंमत म्हणून संत्री घेऊन समुद्रपार जातो, तिथे ती चांदीच्या नाण्यांना विकतो आणि परतताना ओसाड बेटावर सापडलेल्या कासवाच्या प्रचंड कवचाने श्रीमंत होतो, कारण त्याचे खरे मोल एका इराणी व्यापाऱ्याला कळते. व्यापार आणि नशीब यांचा इतका मोकळा आनंद मला फंगच्या कथांत क्वचितच भेटतो. उलट दू शिनियांगसारखी स्त्री लिंगच्या कथांत मला सापडलेली नाही.

घोटाळ्याचे मोठे कारण ‘जिनगू छीग्वान’ या निवडक संग्रहात आहे. मिंग काळाच्या शेवटी निघालेल्या या संग्रहातल्या 40 कथांपैकी 29 ‘सानयान’मधल्या आणि 11 ‘अरपाय’मधल्या आहेत. मूळ संग्रह पुढे चीनमध्ये दुर्मीळ झाले, त्यामुळे कित्येक पिढ्यांनी दोघांनाही याच एका पुस्तकातून वाचले. मूळ संग्रहांच्या जुन्या प्रती जपानमधील ग्रंथसंग्रहांत टिकून होत्या, आणि विसाव्या शतकात त्या अभ्यासकांपुढे आल्यावर कोणती कथा कोणाची हे पडताळणे सोपे झाले.